चित्रे पाहून गणित सुधारते का?

शाळेत कलेला जागा द्या असे म्हणणाऱ्यांना गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक वाक्य हाताशी सापडले आहे: कलेमुळे मुले गणितात आणि भाषेत पुढे जातात. स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात ते असते, कलाशिक्षकांच्या निवेदनात असते आणि पालकसभेत वेळ पडली की मुख्याध्यापकही ते म्हणून टाकतात. वाक्यामागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण हेतू चांगला म्हणून विधान खरे ठरत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना 'हे कशावरून?' असे विचारायला शिकवतो. तोच प्रश्न या वाक्याला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

त्यासाठी आम्ही उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतली घेतली आहेत. संग्रहालये, नाटकमंडळ्या, वाद्यवृंद आणि गावातले कलावंत यांनी शाळांशी भागीदारी करून मुलांपर्यंत कला पोहोचवायची, हा प्रकार तिकडे बराच रुजला आहे. आणि मुख्य म्हणजे त्यातल्या काही उपक्रमांची परीक्षा विज्ञानाच्या कसोटीने घेतली गेली आहे. एक खुलासा आधीच केलेला बरा. तिकडे 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, सर्वांना मोफत शाळा. आपल्याकडे त्याच नावाची पाटी बहुधा भरमसाट फी घेणाऱ्या शाळेवर असते! तेव्हा आम्ही सरळ 'सरकारी शाळा' असेच म्हणणार आहोत.

या भागीदाऱ्या कशा जन्मल्या, तेही थोडक्यात पाहू. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि शहराने हजारो शिक्षकांना घरी बसवले. त्या कात्रीत कलाशिक्षक मोठ्या संख्येने सापडले. १९७७ मध्ये ॲग्नेस गंड या कलासंग्राहक बाईंनी 'स्टुडिओ इन अ स्कूल' ही संस्था काढली. शहरातल्या चित्रकार-शिल्पकारांनी सरकारी शाळांत जाऊन मुलांना शिकवायचे, अशी तिची रीत. काम चांगलेच झाले. पण क्रम लक्षात ठेवावा: आधी शिक्षक गेला, मग भागीदार आला. याकडे आपण पुढे परत येणार आहोत. पुढे २००२ पासून अमेरिकेत वाचन आणि गणित यांच्या वार्षिक चाचण्या कायद्याने सक्तीच्या झाल्या. ज्या विषयाची चाचणी नाही त्याचा तास वेळापत्रकातून निसटू लागला. मग कलेची बाजू मांडणाऱ्यांनीही चाचणीचीच भाषा उचलली.

तशी ती भाषा त्याआधीच कानावर पडू लागली होती. १९९३ साली 'नेचर' या साप्ताहिकात फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की यांचे एक पानाचे टिपण आले. महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोत्झार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकवली, तर त्यानंतर लगेच दिलेली अवकाशीय आकलनाची कोडी त्यांनी अधिक चांगली सोडवली. परिणाम टिकला दहा ते पंधरा मिनिटे. टिपणात एवढेच होते. बुद्धी कायमची वाढते असे त्यात नव्हते आणि तान्ह्या बाळांचा तर उल्लेखच नव्हता. तरीही १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास, ३,००० हून अधिक माणसांवर झालेले, एकत्र करून पाहिले. मोत्झार्टचे खास असे काही उरले नाही. दुसरे एखादे आवडते संगीत लावले तरी तेवढीच तरतरी येते, असा त्याचा अर्थ. सकाळच्या चहाबद्दलही हेच म्हणता येईल.

यापेक्षा गंभीर पुरावा १९९९ च्या 'चॅम्पियन्स ऑफ चेंज' या अहवालात होता. लॉस एंजलिसचे प्राध्यापक जेम्स कॅटरॉल यांनी एका राष्ट्रीय पाहणीतील २५,००० विद्यार्थ्यांची माहिती तपासली. नाटक, संगीत, चित्रकला यांत ज्यांचा सहभाग अधिक, त्यांचे गुण अधिक, असे त्यांना दिसले. वाचणाऱ्याच्या मनात शंका लगेच येते: ज्या घरात मुलाला व्हायोलिन घेऊन देतात त्या घरात पुस्तकेही असतात, शिकवणीही असते. कॅटरॉल यांना ही शंका ठाऊक होती. म्हणून त्यांनी केवळ गरीब घरातली मुले वेगळी काढूनही तुलना केली, आणि फरक तिथेही दिसला. पण शंका मिटली नाही. दोन सारख्याच गरीब घरांतल्या मुलांपैकी एक नाटकात भाग घेतो आणि दुसरा घेत नाही, तो का? चिकाटी, उत्साह, पाठीशी उभी राहणारी आई, शाळेतले एखादे धडपडे सर, यांपैकी काहीही कारण असू शकेल. आणि तेच कारण गुणांमागेही असू शकेल. पावसाळ्यात छत्र्यांची विक्री वाढते आणि बेडूकही ओरडतात. छत्र्यांमुळे बेडूक ओरडत नाहीत.

२००० साली एलन विनर आणि लोइस हेटलंड या दोन अभ्यासकांनी १९५० पासूनचे असे १८८ अहवाल गोळा करून त्यांची झडती घेतली. दोघीही कलाशिक्षणाच्याच क्षेत्रातल्या, कलेवर रोष असण्याचे कारणच नव्हते. निष्कर्ष मात्र रोखठोक निघाला. कलेमुळे एकूण शालेय गुण वाढतात, हे कार्यकारणाच्या पातळीवर सिद्ध होत नाही. सहसंबंध दिसतो, पण प्रयोग करून पाहिला की तो विरतो. टिकून राहिलेली नाती तीनच. दोन संगीत आणि अवकाशीय आकलन यांच्यातली, आणि तिसरे, आम्हाला शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाटते ते, वर्गात धडा नाट्यरूपाने करून पाहणे आणि भाषिक कौशल्य यांच्यातले. ज्या शिक्षकांनी मराठीचा धडा मुलांकडून करवून घेतला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पुढे २००४ मध्ये कॅनडातील ग्लेन शेलनबर्ग यांनी १४४ सहा वर्षांची मुले घेऊन चार गट पाडले. दोन गटांना संगीत, एकाला नाटक, एकाला काहीच नाही. वर्षाअखेर सर्वांचाच बुद्ध्यंक थोडा वाढला, कारण ते मुलांचे शाळेतले पहिलेच वर्ष होते. संगीताच्या गटांत वाढ सरासरी ७ गुणांची, बाकीच्यांत ४.३ गुणांची. म्हणजे संगीताची स्वतःची भर तीन गुणांहूनही कमी. नाटकाच्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा वाढला नाही, पण इतरांशी वागण्याची त्यांची रीत सुधारली. या शेवटच्या वाक्याला वर्तमानपत्रांत फारशी जागा मिळाली नाही.

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल नावाचे एक लहान शहर आहे. वॉलमार्ट या प्रचंड दुकानसाखळीचे मुख्य कार्यालय तिथे आहे आणि त्याच घराण्यातल्या ॲलिस वॉल्टन यांनी २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे 'क्रिस्टल ब्रिजेस' हे अमेरिकन चित्रकलेचे मोठे संग्रहालय उघडले. आसपासच्या शंभर-दोनशे किलोमीटरांतल्या बहुतेक मुलांनी त्याआधी संग्रहालय पाहिलेलेच नव्हते. एका देणगीतून शाळांना ही सहल पूर्ण मोफत ठेवण्यात आली: बसभाडे, मुलांचे जेवण, इतकेच काय, सहलीला गेलेल्या शिक्षकाच्या जागी वर्ग सांभाळणाऱ्या बदली शिक्षकाचे मानधनसुद्धा. (आमच्या मते या यादीतली शेवटची बाब सर्वांत शहाणपणाची आहे. सहली का होत नाहीत याचे उत्तर मुख्याध्यापकांना विचारले तर तिथेच येऊन थांबते.)

अर्जांचा पाऊस पडला. शाळांच्या ५२५ गटांनी अर्ज केले, मुले ३८,००० हून अधिक. एवढ्यांना एकदम नेणे शक्य नव्हते. इथे आर्कान्सा विद्यापीठातील जे ग्रीन, ब्रायन किसिडा आणि डॅनियल बोवेन यांनी संधी साधली. कोणाला आधी न्यायचे आणि कोणाला नंतर, हे वशिल्याने किंवा अर्जाच्या तारखेने ठरवण्याऐवजी त्यांनी सोडत काढली. सारख्या इयत्तेच्या, सारख्या परिस्थितीतल्या गटांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला या सत्रात पाठवले, दुसऱ्याला पुढच्या सत्रात. कोणावरही अन्याय नाही. सहल सर्वांनाच मिळणार. पण मधल्या काळात दोन गट तयार झाले: एक सहल करून आलेला, दुसरा न केलेला, आणि दोघांतला फरक केवळ चिठ्ठीचा. चिकाटी, आई, धडपडे सर, हे सगळे दोन्ही बाजूंना सारखेच वाटले गेले. सोडतीचे सामर्थ्य ते हेच. शेतीच्या प्रयोगात रोनाल्ड फिशर यांनी खतांच्या वाफ्यांची निवड चिठ्ठीवर सोपवली, ती याच कारणासाठी.

सहल तासाभराची. मुले पाचच चित्रांसमोर थांबत. मार्गदर्शक थोडी माहिती सांगे, पण बराच वेळ मुलेच बोलत. सरासरी तीन आठवड्यांनी संशोधकांनी १२३ शाळांतल्या जवळजवळ ११,००० मुलांना आणि ४८९ शिक्षकांना गाठले. मुलांना सहलीत न पाहिलेले एक चित्र दाखवले आणि दोन प्रश्नांवर लिहायला सांगितले: या चित्रात काय चालले आहे असे तुला वाटते? तसे वाटायला तुला त्यात काय दिसते? उत्तरे तपासणाऱ्यांना कोणता कागद कोणत्या गटाचा हे माहीत नव्हते.

दुसरा प्रश्न पुन्हा वाचावा. फिलिप येनवाइन आणि अबिगेल हाऊसेन यांनी चित्र पाहण्याची जी पद्धत संग्रहालयांसाठी बसवली तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि प्रयोगवहीच्या 'निरीक्षण' आणि 'अनुमान' या दोन रकान्यांच्या मुळाशीही हाच आहे. चित्रातली बाई दुःखी आहे, हे झाले अनुमान. तिची मान खाली आहे आणि ताटातले अन्न तसेच आहे, हे निरीक्षण. आमच्याकडे संशोधनासाठी येणाऱ्या पदवीधरांनाही हे दोन रकाने वेगळे ठेवणे जड जाते.

निकाल काय लागला? सहल केलेल्या मुलांची उत्तरे सरासरीने प्रमाण विचलनाच्या ९ टक्के चांगली होती. प्रमाण विचलन म्हणजे गुणांचा सर्वसाधारण पसारा. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर शंभर मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी करा. मधोमध उभे असलेले मूल या सहलीमुळे साडेतीन-चार जागा पुढे सरकेल. फार नाही. पण दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांतली मुले वेगळी काढली, तर परिणाम प्रमाण विचलनाच्या जवळजवळ एकतृतीयांश निघाला. म्हणजे रांगेतले मधले मूल बारा-तेरा जागा पुढे. अर्ध्याहून अधिक मुले सवलतीचे जेवण घेतात अशा गरीब शाळांत तो १८ टक्के होता, म्हणजे सात जागा. ज्यांना घरातून आणि गावातून कमी मिळाले होते, त्यांना एका तासाने जास्त दिले.

स्मरणाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. ईस्टमन जॉन्सन यांच्या एका चित्रात रानातल्या तळावर माणसे मेपलच्या झाडाचा रस आटवताना दिसतात. उसाची साखर गुलामांच्या श्रमांवर निघे. ती नको म्हणून गुलामगिरीचे विरोधक मेपलची साखर बनवत, हा त्यामागचा संदर्भ. ते चित्र पाहिलेल्या मुलांपैकी ८८ टक्क्यांना तो कित्येक आठवड्यांनंतर आठवत होता. थॉमस हार्ट बेंटन यांच्या चित्रातला शेतकरी आपलेच उभे पीक नांगरून टाकतो आहे. मंदीच्या काळात भाव सावरावेत म्हणून सरकारने आखलेल्या योजनेतला तो प्रसंग, हे ७९ टक्के मुलांनी सांगितले. यावर परीक्षा होणार नव्हती, गुण मिळणार नव्हते. इतिहासाच्या धड्यातला एखादा कलम-क्रमांक तीन आठवड्यांनी किती मुलांना आठवतो, ते प्रत्येकाने आपापल्या वर्गापुरते ठरवावे.

इथपर्यंत कौतुक. आता खोट.

संशोधकांनी मोजले ते 'चित्राविषयीचा चिकित्सक विचार'. त्यांच्या मूळ लेखात ते शब्द जपून वापरलेले आहेत. पण २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचाच लेख 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला, त्याचा मथळा होता 'आर्ट मेक्स यू स्मार्ट'. 'चित्राविषयीचा' हा शब्द गळून पडला आणि उरली ती हुशारी. चित्र वाचायला शिकलेले मूल गणिताचे शाब्दिक उदाहरणही अधिक नीट वाचेल का? वाचेलही. पण ते इथे मोजलेले नाही.

दुसरी खोट सहिष्णुतेच्या मापनात आहे. देशावर टीका करणाऱ्या कलावंताचे काम संग्रहालयात लावू देऊ नये, या विधानाला न गेलेल्यांपैकी ३५ टक्के आणि जाऊन आलेल्यांपैकी ३२ टक्के मुलांनी होकार दिला. मुलांची संख्या मोठी असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या अर्थाने खरा ठरतो. पण 'खरा' आणि 'मोठा' हे दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय नुकतेच संग्रहालयातून आलेले मूल संग्रहालयाबद्दल दोन बरे शब्द बोलणारच. प्रश्नावलीतली खूण म्हणजे वागणूक नव्हे. त्या मानाने संशोधकांनी केलेली दुसरी एक युक्ती आम्हाला अधिक पटते. त्यांनी दोन्ही गटांतल्या सर्व मुलांना कुटुंबासह संग्रहालयात येण्याच्या मोफत चिठ्ठ्या दिल्या, त्यांवर गटाची खूण होती, आणि कोण खरेच परत आले ते मोजले. सहल केलेल्यांची कुटुंबे १८ टक्के अधिक आली. इथे मुलाने आईबापांना हात धरून आणले. नुसती खूण केली नाही.

तिसरी खोट रचनेतच आहे आणि तिला इलाज नाही. दुसऱ्या गटालाही पुढच्या सत्रात सहल मिळाली, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी काय उरले, हे या तुलनेतून कधीच कळणार नाही. न्याय पाळला की ज्ञानाला थोडी किंमत मोजावी लागते. ती मोजली हेच योग्य झाले.

एका तासाच्या सहलीकडून वर्षभराच्या भागीदारीकडे जायचे तर टेक्सासमधल्या ह्युस्टनला जावे लागेल. २०१३ च्या सुमारास तिथल्या सरकारी शाळांत कलेची काय स्थिती आहे याची पाहणी झाली आणि त्यातून 'आर्ट्स ॲक्सेस इनिशिएटिव्ह' ही योजना निघाली. शहरातल्या नाट्य, नृत्य, संगीत आणि दृश्यकलेच्या पन्नासहून अधिक संस्था एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. कलावंतांनी काही आठवडे शाळेत येऊन शिकवणे, शाळेतच प्रयोग करणे, मुलांना नाट्यगृहात वा संग्रहालयात नेणे आणि शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, असे चार प्रकार. देणगीदार पैसे देत, पण शाळेनेही दर विद्यार्थ्यामागे आपल्या अंदाजपत्रकातून थोडी रक्कम घालायची अट होती. फुकटच्या गोष्टीची कदर राहत नाही, हे सगळीकडे सारखेच.

इथेही मागणी जास्त आणि जागा कमी, इथेही सोडत. बोवेन आणि किसिडा यांनी ४२ शाळांतल्या, तिसरी ते आठवीच्या १०,५४८ मुलांचा माग घेतला आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. योजनेतल्या शाळांत शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचे प्रमाण ३.६ टक्क्यांच्या अंतराने घटले. लेखनाच्या प्रमाणित परीक्षेतले गुण प्रमाण विचलनाच्या १३ टक्के वाढले, म्हणजे आपल्या रांगेत सुमारे पाच जागा. इतरांविषयीची कणव ८ टक्के वाढली. आणि गणित, वाचन, विज्ञान? काही नाही. लक्षणीय म्हणावा असा फरक कुठल्याच दिशेने सापडला नाही.

हे 'काही नाही' आम्हाला या अहवालातले सर्वांत मोलाचे वाक्य वाटते. एक तर ते छापले गेले. ज्या योजनेला शहराचा पाठिंबा आहे, देणगीदारांचे डोळे लागले आहेत, तिच्या अहवालात शून्य शून्य म्हणून लिहायला प्रामाणिकपणा लागतो. दुसरे असे की शून्याला दोन बाजू असतात. कलेने गणित वाढले नाही, तसेच कलेच्या तासांपायी गणित घटल्याचेही दिसले नाही. 'नाटकाच्या तालमीत अभ्यास बुडतो' या तक्रारीला मुख्याध्यापकांच्या खोलीत द्यायला एवढे भक्कम उत्तर आजवर आपल्या हाती नव्हते. गणितासाठी कला हवी, हा दावा सोडून द्यावा लागतो. पण गणितासाठी कला नको, हाही सोडावा लागतो.

ह्युस्टनच्या अभ्यासातही जपून वाचण्याजोग्या जागा आहेत. सोडत निघाली ती योजनेत यायला तयार असलेल्या शाळांची. ज्या मुख्याध्यापकाला कलेचे सोयरसुतक नाही त्याच्या शाळेत हेच घडेल, असे म्हणता येत नाही. नाटक, नाच, गाणे, चित्र यांचे मिश्रण दिले गेले, त्यामुळे गुण कशाचा आला ते कळत नाही. काढ्यातली कोणती मुळी लागू पडली, तसाच प्रश्न. अनेक गोष्टी मोजल्या की त्यातली एखादी केवळ योगायोगानेही वर येते, आणि कणव पुन्हा प्रश्नावलीतलीच. शिस्तभंगाचा आकडा मात्र शाळेच्या दप्तरातला आहे. तो कोणाच्या मताचा नाही.

आता सुरुवातीला राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. कलावंत सहा आठवडे येतो आणि जातो. मग त्या शाळेत काय उरते? ज्या शाळेत कलाशिक्षक आहे तिथे त्याने पेटवलेले कोणीतरी जपते. जिथे नाही, तिथे ती एक सुंदर आठवण होते. न्यूयॉर्कमध्ये भागीदारी शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. तशी खुर्ची आपल्याकडे कायद्यातच रिकामी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. पण पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. वाडीवरच्या साठ मुलांच्या शाळेला कायद्यानेच कलेचा शिक्षक नाही. बेंटनव्हिलचा आकडा इथे आठवावा: परिणाम सर्वांत मोठा दिसला तो लहान गावांच्या मुलांत. म्हणजे जिथे एका तासाचे मोल सर्वाधिक, नेमका तिथेच आपला नियम हात आखडता घेतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत निमंत्रित करण्याची सूचना आहे. ती चांगलीच आहे. मात्र पाहुणा कलावंत आणि नेमणुकीचा शिक्षक ही एकाच खर्चाची दोन नावे धरली जाऊ नयेत, यावर शिक्षक संघटनांनी लक्ष ठेवलेले बरे.

आणि गुणांचा मोह आपल्याकडेही आहेच. चित्रकलेच्या श्रेणी परीक्षेचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळू लागल्यापासून त्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांत चित्रासाठी बसणारी किती आणि टक्क्यांसाठी किती, हे कलाशिक्षकांना आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. ज्या दिवशी हे गुण बंद होतील त्या दिवशी काय होईल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

शाळेत काही करून पाहायचे असेल तर संग्रहालयाची वाट पाहायला नको. गावातला कुंभार, मूर्तिकार, सुतार, दशावतारात किंवा तमाशात काम केलेले म्हातारे आजोबा, गोंधळी, कोणीही चालेल. समजा केंद्रातल्या दहा शाळांनी अशा कलावंताचे एक दिवसाचे निमंत्रण मागितले आणि या सत्रात तो पाचच ठिकाणी जाऊ शकतो. मग पाच शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. उरलेल्या पाच पुढच्या सत्रात. महिन्याभराने दहाही शाळांतल्या सहावीच्या मुलांना एकच अनोळखी चित्र दाखवावे आणि वरचे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरांवर नाव किंवा शाळा न लिहिता फक्त क्रमांक घालावा आणि सगळे कागद एकत्र मिसळून अशा शिक्षकाकडे तपासायला द्यावेत, ज्याला कोणत्या शाळेत कलावंत गेला होता हे ठाऊक नाही. त्याने गुण द्यायचे नाहीत. चित्रात दिसणाऱ्या गोष्टीचा आधार देऊन केलेली विधाने किती आणि आधाराशिवाय केलेली किती, एवढेच मोजायचे. दहा शाळा म्हणजे फार थोड्या आहेत, हे खरे. त्यावरून काही सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. फरक दिसला नाही तर तोही आकडा तसाच लिहून ठेवावा आणि पुढच्या वर्षी, दुसऱ्या केंद्रातल्या शाळा मिळवून, पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात.